खाऱ्या हवेत टिकेल असा रॅली ट्रिपमीटर: जिप्सी, जिम्नी आणि थारसाठी

टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅलीत ठरलेली सरासरी राखून ठरलेले अंतर कापायचे असते. सरासरी ताशी ४० किलोमीटरची असेल तर गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. अंतर मोजणारा ट्रिपमीटर १०० मीटरने चुकला की ९ सेकंद गेले. कोकणात त्याहून मोठा घोळ होतो तो फाट्यांचा. राजापूर-लांज्याच्या आतल्या रस्त्यांना दोन वाड्यांचे फाटे पन्नास-साठ मीटरच्या अंतराने लागू शकतात, आणि दोन्ही सारखेच दिसतात, डांबर तुटलेले आणि कडेला जांभ्याचा गडगा.

गाडीचा स्वतःचा ट्रिप १०० मीटरच्या टप्प्याने सरकतो. रॅलीचा मीटर १० मीटरच्या टप्प्याने चालतो, गाडीप्रमाणे कॅलिब्रेट करता येतो (म्हणजे खऱ्या अंतराशी जुळवता येतो), आणि रस्ता चुकलात तर मोजणी थांबवता किंवा उलटी फिरवता येते. टेराट्रिप, ब्रँट्झ, मोनिट ही त्यातली जुनी नावे. कुठलाही घ्या, त्याच्या आत फक्त पल्स येतात: सेन्सरसमोरून लोखंडाचा तुकडा गेला की एक. पल्स चुकली तर मीटर मुकाट चुकीचे अंतर दाखवतो. म्हणून या लेखातले बहुतेक काम गाडीच्या पोटाखालचे आहे. भारी डिस्प्ले आणि थरथरणारी पट्टी यापेक्षा साधा डिस्प्ले आणि घट्ट पट्टी केव्हाही बरी.

पल्स कुठून घ्यायची

पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह (एरवी मागच्या दोन, गरजेला चारही चाकांवर चालणाऱ्या) गाडीला आम्ही मागचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या एक्सलला फिरवणारा लांब दांडाच सुचवतो. डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा एक्सलमधला गिअरांचा संच) शाफ्ट दोन्ही मागच्या चाकांची सरासरी देतो. सेन्सर एकाच चाकावर असेल आणि दोन चाकांमधले अंतर दीड मीटर असेल, तर एका पूर्ण हेअरपिनमध्ये बाहेरचे चाक गाडीच्या मध्यापेक्षा सुमारे २.३५ मीटर जास्त चालते, आतले तेवढेच कमी. आंबा किंवा कुंभार्ली घाटात डावी-उजवी वळणे एकमेकांना बरीचशी खाऊन टाकतात, पण पूर्ण नाही, आणि नेमके मधल्याच वळणावर चेकपॉइंट असला तर फरक अंगावर येतो. शाफ्टवर हा प्रश्नच उरत नाही.

दुसरा फायदा बारकाईचा. शाफ्टच्या फ्लँजला (टोकाच्या जोडचकतीला) चार बोल्ट आणि डिफरन्शियलचा रेशो ४.०९ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.०९ फेरे) असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात १६.३६ पल्स येतात. जिम्नीच्या १९५/८० आर१५ टायरला त्या हिशेबाने दर १३ सेंटीमीटरला एक पल्स मिळते. चाकाच्या पाच नटांवरून मोजले तर ४२ सेंटीमीटरला एक.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. जिप्सी आणि जिम्नीत ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा, गिअरबॉक्सपासून सुटा असतो आणि दोघांमध्ये एक आखूड शाफ्ट असतो. हात सहज पोचतो म्हणून सेन्सर तिथे लावला जातो. फोर-हायपर्यंत (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) सगळे ठीक चालते. फोर-लो (संथ, जोराचा गिअर) टाकला की तो आखूड शाफ्ट तेवढ्याच अंतराला जिम्नीत जवळपास दुप्पट, जिप्सीत दीडपटीहून जास्त फिरतो आणि जिम्नीचा मीटर एका किलोमीटरचे दोन किलोमीटर दाखवायला लागतो. सेन्सर ट्रान्सफर केसच्या पुढे, चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवरच हवा. थारमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सलाच जोडलेला आहे, मधला शाफ्ट नाही, त्यामुळे ही चूक होत नाही.

शाफ्टचा तोटा एकच. मागचे चाक घसरले की तेही मोजले जाते. पावसात शेवाळलेल्या जांभ्याच्या चढावर हे होणारच. ज्यांची रॅली बहुतेक टू-व्हीलमध्ये, डांबरावर आहे त्यांनी पुढच्या चाकाचा विचार करावा, कारण टू-हायमध्ये (फक्त मागच्या दोन चाकांवर चालताना) पुढच्या चाकाला इंजिनची ताकद जात नाही आणि ते घसरत नाही. मात्र तिथे पट्टी स्टिअरिंग नकलवर, म्हणजे चाकाबरोबर वळणाऱ्या भागावर लागते, आणि वायरला पूर्ण वळणाइतका झोल ठेवावा लागतो.

जुन्या जिप्सीला स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून येते; तिच्यात टी-पीस (मध्ये बसणारा तीन तोंडांचा जोड) टाकून पल्स घेता येते. काम तासाभराचे, पण केबल आधी काढून पाहा. आतली तार खाऱ्या हवेने गंजलेली असेल तर ती अडखळत फिरते, आणि ते अडखळणे मीटरमध्ये उतरते.

एबीएसच्या सेन्सरची वायर सोलून पल्स घेऊ नका. त्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ झाली तर एबीएस आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद पडू शकतात, आणि घाटात उतरताना त्यांची गरज असते. ओबीडी पोर्टवरून (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटवरून) मिळणारा वेग पूर्ण किलोमीटरमध्ये असतो, ३९ नाहीतर ४०, अधले-मधले काही नाही. त्यावरून काढलेले अंतर रॅलीला पुरत नाही.

सेन्सर

औद्योगिक दुकानात मिळणारा एम१२ इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर घ्या: तीन वायरी, १० ते ३० व्होल्ट डीसी, नॉर्मली ओपन (धातू समोर आल्यावरच सिग्नल देणारा), आयपी६७ (धूळ-पाण्यापासून बंदिस्त), ४ मि.मी. पल्ल्याचा, पाठीवर एलईडी असलेला. तपकिरी वायर पॉझिटिव्ह, निळी निगेटिव्ह, काळी सिग्नलची. बहुतेक ट्रिपमीटरना सिग्नल अर्थकडे (निगेटिव्हकडे) ओढणारा एनपीएन प्रकार लागतो, काहींना पॉझिटिव्हकडे ओढणारा पीएनपी. मीटरचे माहितीपत्रक पाहूनच खरेदी करा. सेन्सरसाठी मीटरमधून ५ व्होल्टच बाहेर येत असतील तर सेन्सरला गाडीचे १२ व्होल्ट वेगळे द्या, अर्थ मात्र दोघांचा एकच ठेवा.

चुंबक आणि हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) ही स्वस्त जोडी किनाऱ्यावर नको. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजे आहेत. शाफ्टवर चिकटवलेला चुंबक दोन-चार फेऱ्यांत तिची दाढी वाढवून बसतो, आणि पल्स कुठे सुरू होते नि कुठे संपते याचा पत्ता लागत नाही. इंडक्टिव्ह सेन्सरला चिखल, पाणी, लाल माती यांचा फरक पडत नाही. त्याला फक्त धातू दिसतो.

कुठला धातू, हेही महत्त्वाचे. किनाऱ्यावर गंजाच्या धास्तीने जिथे तिथे स्टेनलेसचे बोल्ट घालायची सवय असते. इथे ते करू नका. साध्या पोलादाला ४ मि.मी.वरून ओळखणारा सेन्सर ३०४ स्टेनलेसला बराच जवळ आल्यावर ओळखतो, ॲल्युमिनियमला त्याहून जवळ. शिवाय प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट हाय-टेन्साइलचेच लागतात. ताकदीच्या दृष्टीनेही तिथे दुकानातला स्टेनलेस बोल्ट धोक्याचा.

पट्टी: सगळे यश इथे आहे

जिप्सी-जिम्नीचा ट्रान्सफर केस रबराच्या माउंटवर बसलेला असतो. क्लच सोडताना तो जागच्या जागी डोलतो, रबर जुने असेल तर काही मिलिमीटर. पट्टी चासीला लावली आणि फ्लँज ट्रान्सफर केसबरोबर हलला, तर २ मि.मी.चे अंतर कधी शून्य होते, कधी पाच. शून्य झाले की सेन्सरचे तोंड बोल्टने सोलले जाते. म्हणून नियम एकच: फ्लँज ज्या घरातून बाहेर येतो त्याच घराला पट्टी. सेन्सर डिफरन्शियलच्या टोकाला लावणार असाल तर पट्टी डिफरन्शियलच्या हाउसिंगला. दोन्हींत ट्रान्सफर केसचे टोक चांगले, कारण ते उंच असते आणि दगड-पाण्याचा मारा तिथे कमी.

आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापा. गाडीखाली झोपून तो जागेवर धरा आणि शाफ्ट हाताने पूर्ण फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहा. शाफ्टच्या क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) कान फ्लँजपेक्षा बाहेर येतात, ते विसरू नका. मग त्यावरून ४ मि.मी. जाड, ४० मि.मी. रुंद एमएस (साध्या पोलादाची) पट्टी कापा. लांबी १०० मि.मी.च्या आत ठेवा. जास्त लागत असेल तर कोपऱ्यात आधाराला त्रिकोणी तुकडा डाग देऊन (वेल्ड करून) बसवा, नाहीतर पट्टी ट्यूनिंग फोर्कसारखी थरथरते. ट्रान्सफर केसचा जो बोल्ट वापराल तो पट्टीच्या जाडीइतका लांब घ्या, ८.८ ग्रेडचा. एकावेळी एकच बोल्ट काढा. तो ऑइलच्या बाजूला उघडत असेल तर आट्यांना सीलंट लावूनच परत घाला.

सेन्सरसाठी १२.५ मि.मी.चे भोक. सेन्सर शाफ्टला समांतर, बोल्टच्या डोक्यांकडे तोंड करून बसवा, म्हणजे शाफ्ट फिरताना चारही डोकी त्याच्या बरोबर समोरून जातात. ४ मि.मी. पल्ल्याचे बरेच सेन्सर नॉन-फ्लश असतात. त्यांचे प्लॅस्टिकचे डोके पट्टीच्या बाहेर किमान १० मि.मी. हवे. ते पट्टीत रुतलेले राहिले तर सेन्सर पट्टीलाच ओळखतो आणि एलईडी कायम पेटलेला राहतो.

सेन्सर आणि बोल्टच्या डोक्यातले अंतर २ ते २.५ मि.मी. ठेवायचे. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर जुनी एटीएम कार्डे काढा. एका कार्डाची जाडी ०.७६ मि.मी., तीन मिळून २.२८. तीन कार्डे एकत्र धरून सेन्सर त्यांना टेकेपर्यंत पुढे फिरवा, दोन्ही बाजूंचे नट आवळा, कार्डे ओढून काढा. मग शाफ्ट फिरवून चारही डोक्यांवर तीच कार्डे सरकवून बघा. एखादे डोके झिजलेले किंवा वेगळ्या उंचीचे सापडले तर तो बोल्ट बदला. डोक्याची उंचीही किमान ५-६ मि.मी. हवी, म्हणजे दोन बोल्टांच्या मधला फ्लँज सेन्सरच्या पल्ल्याबाहेर राहतो. सेन्सरचे नट फार आवळू नका, आटे पितळेचे असतात. हाताने घट्ट, वर पाव फेरा, आणि निळे थ्रेडलॉकर.

पट्टीला रंगाआधी झिंक-रिच प्रायमर, वर एपॉक्सीचे दोन हात. भोकांच्या कडा आणि डाग दिलेली जागा यांना ब्रशने वेगळा हात द्या. किनाऱ्यावर गंज तिथूनच शिरतो.

वायरिंग

तीन कोअरची शील्डेड केबल घ्या, ०.७५ चौ.मि.मी. शील्ड फक्त मीटरच्या टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केली तर तिच्यातून करंट वाहायला लागतो आणि ती नको ते सिग्नल आत आणते. केबल करुगेटेड पाइपमध्ये घालून चासीच्या आतल्या बाजूने न्या. सायलेन्सर आणि शाफ्टपासून चार बोटे तरी लांब, पेट्रोल जिप्सीत स्पार्क प्लगच्या वायरींपासून लांब, विंच आणि वायरलेस सेटच्या केबलींपासूनही लांब. झिप टाय आधाराला चालतात, पण दर फूटभरावर रबर लावलेली पी-क्लिप हवीच. केबिनमध्ये शिरताना रबरी ग्रोमेटमधून, आणि शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी तिथेच गळून पडेल.

सांधे हा कोकणातला खरा शत्रू. वायर पिळून वर टेप गुंडाळलेला सांधा एका पावसाळ्यात आतून हिरवा होतो. वायरचे वेष्टण सोलले तर तांबे काळे पडलेले असते, तेही दोन-तीन इंच आतपर्यंत, कारण खारे पाणी तारांच्या मधून वर चढते. म्हणून गाडीखाली एकच सांधा ठेवा, सेन्सर बदलता यावा एवढ्यापुरता, आणि तो रबरी सील असलेल्या वॉटरप्रूफ कनेक्टरचा. पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. कनेक्टरचे तोंड खाली ठेवा.

मीटरचा पुरवठा थेट बॅटरीवरून, बॅटरीपासून वीतभर अंतरात २ ॲम्पियरचा फ्यूज आणि डॅशवर स्वतंत्र स्विच. इग्निशनच्या वायरवर मीटर लावला तर गाडी बंद पडून पुन्हा स्टार्टर मारताना वीज तुटते आणि काही मीटर त्या क्षणी शून्यावर येतात. नेमके चढावर, नेमके चेकपॉइंटच्या आधी. मीटरला रिव्हर्सची वायर असेल तर ती रिव्हर्स लाइटला जोडा, म्हणजे मागे घेतलेले अंतर आपोआप वजा होते. अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की गाडी मागे घ्यावीच लागते.

डिस्प्ले डावीकडे, नॅव्हिगेटरच्या नजरेच्या जितका जवळ नेता येईल तितका वर. मान खाली घालून वाचावे लागले तर घाटात उलटी ठरलेली. थारमध्ये त्या बाजूच्या डॅशमध्ये एअरबॅग आहे. तिच्या झाकणावर किंवा ते उघडण्याच्या वाटेत काहीही लावू नका.

जागेवर चाचणी

पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. गाडी टू-हायमध्ये, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक मागचे चाक जॅकवर उचलून एक्सलखाली स्टँड द्या. अशा अवस्थेत गाडीला धरून ठेवणारे फक्त ठोकळेच असतात, तेव्हा सपाट जागा निवडा.

उचललेले चाक हाताने एक फेरा फिरवा आणि सेन्सरचा एलईडी किती वेळा लागतो ते मोजा. एकच चाक फिरत असल्याने शाफ्ट निम्माच फिरतो, म्हणून १६ ऐवजी ८ वेळा लागायला हवा. १६ आला तर सेन्सर बोल्टबरोबर दुसरेही काहीतरी मोजतो आहे, बहुधा फ्लँजचा उंचवटा. ७ आणि ८ यांच्यात हेलकावे घेत असेल तर एखादे डोके लांब राहते आहे. नंतर गाडी खाली घेऊन इंजिन सुरू करा, दिवे, वायपर, पंखा लावा, ॲक्सिलरेटर थोडा दाबा. पाच मिनिटांत मीटरचा एक आकडाही हलता कामा नये.

कॅलिब्रेशन

टायर गरम हवे. १५-२० मिनिटे चालवून, रॅलीत ठेवणार तेवढीच हवा भरून, नॅव्हिगेटर आणि सामानासकट सुरुवात करा.

जागा कुठली? मुंबई-गोवा महामार्गावरचे किलोमीटरचे दगड नकोत. चौपदरीकरणात वळणे कापली गेली, बाह्यवळणे आली, जुन्या दगडांचा भरवसा राहिला नाही. घाटातले जीपीएस अंतरही नको: झाडीत सिग्नल भरकटतो, आणि साधा रिसीव्हर सेकंदाला एक बिंदू घेऊन ते सरळ रेषेने जोडतो, त्यामुळे प्रत्येक वळण थोडे थोडे कापले जाते आणि अंतर कमी भरते. कोकणात याला उत्तर म्हणजे सडा, जांभ्याचे उघडे पठार. वर मोकळे आकाश, रस्ता त्यातल्या त्यात सरळ, रहदारी कमी. सड्यावरच्या डांबरी रस्त्यावर जीपीएसने ५ किलोमीटरचा टप्पा आखून घ्या. रस्ता सोडून कातळावर मात्र गाडी घालू नका. बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पे अशाच सड्यांवर, जमिनीच्या पातळीला कोरलेली आहेत आणि चाकाखाली सहज जातात.

दोन्ही टोकांना रस्त्याच्या कडेला खडूने खूण करा आणि दर वेळी गाडीचा एकच भाग, समजा पुढच्या दाराची कड, खुणेशी जुळवा. जाऊन-येऊन १० किलोमीटर, असे तीन वेळा. तिन्ही आकडे १० मीटरच्या आत यायला हवेत. येत नसतील तर कॅलिब्रेशन थांबवून पुन्हा गाडीखाली जा.

मीटरमधला आकडा ‘किलोमीटरला किती पल्स’ असा असेल तर हिशेब सोपा: नवा आकडा म्हणजे जुना आकडा गुणिले मीटरने दाखवलेले अंतर, भागिले खरे अंतर. समजा जिम्नीसाठी अंदाजाने ७७९० टाकला, खरे अंतर १०.०० आणि मीटरने ९.८७ दाखवले. ७७९० × ९.८७ ÷ १० = ७६८९. मीटरमधला आकडा ‘पल्सला किती अंतर’ असेल तर गुणाकार-भागाकार उलटा होतो. घाईत हे उलटसुलट झाले तर चूक दुप्पट होते, म्हणून आकडा बदलल्यावर एक फेरी मारून खात्री करा.

रॅलीच्या दिवशी आयोजकांनी दिलेला कॅलिब्रेशनचा टप्पा असेल तर तोच खरा मानायचा, तुमचे जीपीएस काहीही म्हणो. रोडबुक (रस्ता आणि अंतरे सांगणारी रॅलीची पुस्तिका) त्यांच्या गाडीने मोजलेले असते आणि तुम्हाला त्यांच्याशी जुळायचे असते.

टायरची झीज लक्षात ठेवा. थारच्या २५५/६५ आर१८ टायरचा नवा व्यास सुमारे ७८९ मि.मी. ट्रेड ५ मि.मी. झिजला की परीघ १.३ टक्क्यांनी घटतो, म्हणजे १० किलोमीटरला जवळपास १३० मीटरची तफावत. टायर बदलले, फिरवले किंवा वेगळ्या मापाचे घातले की कॅलिब्रेशन नव्याने.

बिघाड ओळखताना

उभ्या गाडीत आकडा सरकतो: आधी शाफ्टची अवस्था बघा. बोल्टचे डोके सेन्सरच्या पल्ल्याच्या अगदी काठावर थांबले असेल तर इंजिनच्या थरथरीने एलईडी लुकलुकतो. गाडी हातभर पुढे ढकला. थांबले तर अंतर थोडे कमी करा. नाही थांबले तर शील्ड आणि अर्थ तपासा.

हळू चालताना बरोबर आणि वेगात कमी: सेन्सर लांब आहे किंवा पट्टी लवचीक आहे. ताशी १०० लाही शाफ्टवरून सेकंदाला दोन-सव्वादोनशे पल्सच येतात, ते चांगल्या सेन्सरला जड नाही.

पाण्यातून गेल्यावर बंद आणि दुपारी आपोआप सुरू: कनेक्टरमध्ये पाणी. वाळला म्हणून सोडून देऊ नका, मीठ आतच राहिले आहे. पिना साफ करा, ग्रीस भरा.

आकडा अजिबात येत नाही: एलईडी लागतो का पाहा. लागत असेल तर दोष काळ्या वायरीत किंवा एनपीएन-पीएनपीच्या गोंधळात. लागत नसेल तर तपकिरी आणि निळ्या वायरीत मल्टिमीटर लावा. १२ व्होल्ट मिळाले तर सेन्सर गेला. एक जास्तीचा सेन्सर, त्याच कनेक्टरची पिन लावून तयार केलेला, गाडीत ठेवा. तीन कार्डे आणि दोन पान्ह्यांनी तो दहा मिनिटांत बदलतो.

प्रत्येक रॅलीनंतर, आणि किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरून आलात तर त्याच संध्याकाळी, गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा मात्र कनेक्टरवर आणि सेन्सरच्या वायरीच्या मुळाशी थेट मारू नका. मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या, म्हणजे पावसाळ्याच्या) आधी एकदा कनेक्टर उघडून ग्रीस बदला, पट्टीचा रंग जिथे उडाला असेल तिथे हात मारा, आणि तीन कार्डे पुन्हा एकदा चारही बोल्टांवरून सरकवून घ्या.